यष्टीचा टप

पेणच्या कुंभारआळीत काळुरामला न ओळखणारा माणूस सापडलाच, तर तो आदल्या दिवशी बदली होऊन आलेला असणार असं खुशाल समजावं. त्याचीही फार काळ सुटका नसे. काळुराम स्वतःच त्याला गाठून सांगे, "गणपतीच्या तोंडावरचं हसू बघायचं आसल तर आमच्या कारखान्यात या. बाकीच्यांचे गणपती हसत नायत, नुसते बसतात." शेजारच्या कारखानदारांच्या कानावर पडेल, अशा बेतानेच तो हे बोले. तेही ऐकून सोडून देत. माणूस फटकळ असला तरी हाताला तोड नाही, हे त्यांनाही कळत होतं.

कारखाना म्हणजे तरी काय? घराची पुढची पडवी, वर पत्रे, तीन बाजूंना फळ्या आणि त्या फळ्यांवर दाटीवाटीने बसलेले बाप्पा. पांढऱ्यावर रंगाचा पहिला हात विमलबाई मारी. ती काळुरामची बायको. ती बोलायची कमी, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं. डोळ्यांची आखणी मात्र काळुराम कोणाला करू देत नसे. सकाळी आंघोळ करून, चहासुद्धा न घेता तो कुंचला हातात धरी, आणि आखणी झाल्याशिवाय मूर्ती गिऱ्हाइकाच्या बापालाही दाखवत नसे. तिच्या तोंडावर फडकं टाकलेलं असे. त्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत होतं: तोंड जमलं की देव जमला. पाठीचं काय? मखरात बसलेल्या देवाची पाठ कोण बघतो? म्हणून त्याच्या मूर्तींच्या पाठी साऱ्या पेणच्या मूर्तींसारख्याच सपाट असत, वर रंगाचा एक हात, संपलं.

असा हा बोलघेवडा माणूस एका माणसापुढे मात्र मुका होई. ते माणूस म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, ऋतुजा.

ऋतुजा नवी मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कंप्युटर शिकत होती आणि तिथेच हॉस्टेलवर राहत होती. दर रविवारी तिचा फोन नाक्यावरच्या पीसीओत येई. रिसीव्हर आधी काळुराम घेई.

"जेवलीस का?"

"जेवले."

"बरी हायस ना?"

"बरी हाय, बाबा."

पुढे काय विचारावं ते त्याला सुचत नसे. ती काय शिकते ते कळलं असतं तर सुचलं असतं. मग तो रिसीव्हर विमलबाईच्या हातात देई आणि काचेबाहेर उभा राहून आत चाललेल्या गप्पा बघे. आतलं काही ऐकू येत नसे. विमलबाई बाहेर आली की हा विचारी, "काय म्हणाली?" सबंध पेणशी बोलणारा बाप, आणि लेकीशी बोलायला दोन वाक्यं. त्याला याचं फार वाईट वाटे. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही, एवढंच.

नव्व्याण्णव सालच्या शिमग्याच्या सुमाराला मात्र ऋतुजा फोनवर म्हणाली, "आईला देऊ नको. माझं तुझ्याकडेच काम हाय."

काळुरामने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

शेवटच्या वर्षाला तिला एक प्रोजेक्ट करायचा होता. कॅमेरा रस्त्याकडे बघणार, ते चित्र कंप्युटरात जाणार आणि कंप्युटरने सांगायचं, ही एसटी गेली, हा ट्रक गेला, ही रिक्षा. कुठल्या रस्त्यावरून काय काय जातं ते कळलं की रस्ता कुठे रुंद करायचा, सिग्नल कुठे बसवायचा ते ठरवता येतं. गडब गावच्या मामाच्या दुकानावरून तिने हायवेचं शूटिंगही करून नेलं होतं. पण परीक्षेला बाहेरून येणारे साहेब म्हणाले होते, कॅसेट नको, डोळ्यांदेखत करून दाखवा. आता हायवे काय उचलून प्रयोगशाळेत नेता येतो? टेबलावर छोटा रस्ता करायचा तर बाजारात खेळण्यातल्या गाड्या मिळत त्या सगळ्या फॉरेनच्या. आपली एसटी कोण विकतो? बैलगाडी कोण विकतो?

"बाबा, तू करशील? हुबेहूब पायजेत. बघितल्यावर ओळखता आल्या पायजेत. हे नाय जमलं तर माझं वर्स जाईल, आन् ठरलेली नोकरीपन."

"करशील काय इचारतेस गो? झाल्या समज!" काळुराम एवढ्या जोरात ओरडला की पीसीओवाला उठून उभा राहिला.

त्या दिवसापासून बाप्पा फळीवर कोरडे बसले. काळुराम सकाळ-संध्याकाळ एसटी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या पुढ्यात उभा राही आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघे. एका ड्रायव्हरला तर हा माणूस खात्याकडून आलाय की काय असा संशय आला आणि त्याने पुढची काच पुसून घेतली. घरी पडवीच्या कोपऱ्यात पडदा लावून काम चाललं होतं. विमलबाईलाही आत मज्जाव.

"गिऱ्हाइकं गनपती इचारतात, आन् तुमी रिक्षा करत बसलाव?" ती पडद्याबाहेरून म्हणे.

"देवाला दम हाय. परीक्षेला नाय," आतून उत्तर येई.

आणि काय गाड्या केल्या होत्या त्याने! एसटीचं ते लाल-पिवळं तोंड, कपाळावर 'पेण–रोहा' पाटी, काचेमागे मिशीवाला ड्रायव्हर. ट्रकच्या पुढे नखाएवढं लिंबू आणि मिरच्या. बैलांच्या शिंगांना रंग, कपाळावर गोंडे. गाड्यांचे दिवे म्हणजे त्यांचे डोळेच, म्हणून ते सगळ्यात शेवटी, आंघोळ करून, उपाशीपोटी आखले. पाठी अर्थात नेहमीच्या रीतीने सपाट. भिंतीला टेकून उभ्या करता याव्यात म्हणून तोंडाच्या मागे चार बोटांत गाडी संपत होती. त्यात काही चुकतंय असं त्याच्या स्वप्नातही आलं नाही. तीस वर्षं हात तसाच वळला होता.

ऋतुजा परीक्षेच्या सुट्टीत घरी आली तेव्हा वैशाख पेटला होता. मितेशच्या व्हिडिओ दुकानात तिने सगळी जुळणी केली. हा मितेश लग्नाचं शूटिंग करी, आणि कॅसेटच्या सुरुवातीला 'शुभविवाह' अशी फुलाफुलांची अक्षरं टाकायला त्याने नवाकोरा कंप्युटर घेतला होता. कॅमेऱ्यातलं चित्र आत घेणारं कार्ड त्यात होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की लग्नाच्या तिथीला कॅमेरा मागू नका. मंगळवारी तिथी नव्हती. छताच्या हुकाला, पंखा काढून, कॅमेरा खाली तोंड करून टांगला होता. खाली टेबलावर काळ्या कागदाचा रस्ता.

काळुराम फळी डोक्यावर घेऊन आला. गाड्यांच्या तोंडांवर फडकी. सगळ्यांना बसायला लावून त्याने एकेक फडकं उचललं.

"बाबा!" ऋतुजाने एसटी दोन्ही हातांत घेतली. "ह्या ड्रायव्हरला मिशी पन हाय!" ती हसली, आणि काळुरामची छाती फुगली. मग तिने एसटी उलटी केली. मागे बघितलं. वर बघितलं. आणि तिचं हसू मावळलं.

तिने एसटी कॅमेऱ्याखाली ठेवली. पडद्यावर अक्षरं आली: रिक्षा.

ट्रक ठेवला. रिक्षा. टेम्पो ठेवला. रिक्षा. बैलगाडी ठेवली, तीही रिक्षा. जी रिक्षाच होती ती ठेवली, तर सायकल.

"काका," मितेशला हसू आवरेना, "पेणात आता रिक्षाच रिक्षा झाल्या!"

काळुरामचा पारा चढला. "तुज्या कंप्युटरचं डोळं फुटलंत काय? एवडी यष्टी समोर उभी हाय, आन् रिक्षा म्हनतो!"

"बाबा," ऋतुजा हळू म्हणाली, "त्याला समोरचं दिसतच नाय. तो वरून बघतो."

काळुरामने मान वर करून हुकाला लटकलेल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. मग खाली आपल्या एसटीकडे. वरून दिसत होती फक्त चार बोटांची पांढरी पट्टी. ट्रकचीही तेवढीच. टेम्पोचीही.

"तो आधी मोकळा रस्ता पाठ करतो," ती सांगत होती. "मग रस्त्यावर जे नवीन दिसल त्याची लांबी-रुंदी बघतो. लांब आसली तर यष्टी, आखूड आसली तर रिक्षा. तोंड त्याला म्हाईतच नाय. माझीच चूक, बाबा. मी तुला सांगाया पायजे व्हतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. 'माझीच चूक' हे त्याला जास्त लागलं. परीक्षा शुक्रवारी होती. आयुष्यात पहिल्यांदा लेकीने बापाकडे काही मागितलं होतं, आणि बापाने तिच्या हातावर काय ठेवलं, तर अर्ध्या गाड्या. घरी येऊन तो न जेवता भिंतीकडे तोंड करून बसला.

विमलबाईने ताट झाकून ठेवलं. "यष्टी वरून कशी दिसते, कदी बघितलीव काय?"

"नाय."

"मंग भिंत कशाला बघताव? जावा, बघून येवा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बापलेक गडबला उतरले. विमलबाईचा भाऊ हिरामण याचं हायवेला लागून पंक्चरचं दुकान होतं, वर सिमेंटची गच्ची. कठड्यापाशी एक पोतं अंथरून दोघं बसली आणि खाली बघू लागली.

पहिलीच आली ती एसटी. काळुराम नकळत उभा राहिला. "आयला! केवडी लांब हाय ही!" टपावर माशांच्या रिकाम्या पाट्या, एक सायकल, आणि मधोमध दोरखंडाने आवळलेलं लोखंडी कपाट, आरशाला लाल रिबीन लावलेलं. कोणाच्या तरी लेकीच्या लग्नाचं. गाडी खालून गेली तेव्हा त्या आरशात आकाश दिसलं आणि क्षणभर ही दोघंही दिसली.

मग ट्रक आला, मिठाचा. ताडपत्रीवर क्लीनर हातपाय पसरून झोपला होता. त्याने एक डोळा उघडला, गच्चीवर ही दोघं आपल्याकडेच बघतायत असं बघून झोपल्या झोपल्या सलाम ठोकला. काळुरामनेही ठोकला. स्कूटरवरून एक गृहस्थ गेले, वरून नुसतं टक्कल आणि दोन गुडघे. "ह्याला काय म्हनल तुजा कंप्युटर?" "सायकल म्हनल, बाबा." "चांगलं झालं, नारळ नाय म्हनत." ऋतुजाने तोंडावर ओढणी धरली. खूप दिवसांनी ती अशी हसत होती, आणि आपण तिला हसवतोय हे काळुरामला कळत होतं.

पेंढ्याची बैलगाडी आली. पेंढा पुढे इतका झुकलेला, की बैलांची निम्मी पाठ त्याखाली गेलेली. काळुराम हात लांब करून, डोळा मिटून, बोटांनी मापं घेत होता. एसटीत किती रिक्षा बसतात, ट्रकचं तोंड धडापासून कुठे तुटतं, टेम्पो कुठे निमुळता होतो. मध्येच त्याने विचारलं, "सावली पडली तर तुजा कंप्युटर सावलीलापन गाडी म्हनतो काय?" ती चमकून म्हणाली, "म्हनतो! मला त्याच्यावर चार रात्री घालवाया लागल्या." मग त्या चार रात्री तिने त्याला सांगितल्या. त्याला सगळं कळलं असं नाही, पण ऐकायला फार आवडलं. ऊन डोक्यावर आलं, हिरामणने दोनदा चहा पाठवला, तरी कोणी उठेना.

"ह्या रस्त्यानं जलम गेला माजा," उतरताना काळुराम म्हणाला. "यष्टीला टप असतो, ह्ये आज कळलं."

पडवीत आल्यावर त्याने पडदा काढून टाकला. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्लास्टर कालवलं, लांबच लांब ठोकळे ओतले आणि घासायला बसला. एका बाजूला ऋतुजा मापं सांगे, दुसऱ्या बाजूला विमलबाई रंग देई. एसटीच्या टपावर लोखंडी कपाट आलं. ट्रकवर क्लीनर आला. बैलगाडीचा पेंढा काळुरामने हौसेने वेगळा केला, उचलून ठेवता येईल असा.

"आन् तोंडं?" त्याने चाचरत विचारलं. "कोरी ठेवू?"

"कोरी कशाला? तुज्या गाड्यांना तोंड नसल तर त्या तुज्या कशा?" ऋतुजा म्हणाली.

गुरुवारी दुपारी मितेशच्या टेबलावर एसटी ठेवली. पडद्यावर आलं: बस. काळुरामने हात जोडले. मग त्याने ती उचलली, पुन्हा ठेवली. बस. पुन्हा. बस. शेवटी मितेश म्हणाला, "काका, त्याला पाठ झालं आता, तुमी बसा."

शुक्रवारी पहाटेच्या गाडीने बापलेक निघाले. फळी मांडीवर, गाड्यांवर फडकी. कंडक्टर आला.

"काय काळुरामशेट, यंदा गनपती वैशाखात?"

"गनपती नाय. यष्टी हाय."

"यष्टीत यष्टी? तिचं अर्धं तिकीट लागंल," असं म्हणून कंडक्टर पुढे गेला.

परीक्षेच्या खोलीत बापाला बसायची परवानगी नव्हती. पण उकाडा एवढा होता की दार सताड उघडं ठेवलं होतं, आणि काळुराम बाहेरच्या बाकाच्या अगदी टोकाला बसला होता. बाहेरून आलेले साहेब पिकल्या केसांचे, शांत आवाजाचे होते. ऋतुजाने एसटी ठेवली. बस. ट्रक. टेम्पो. रिक्षा. सगळं बरोबर. बैलगाडी ठेवली: बैलगाडी. काळुराम बाहेर मांडीवर थाप मारून घेत होता.

मग साहेबांनी सहज म्हणून बैलगाडीवरचा पेंढा उचलून बाजूला ठेवला. पडद्यावर आलं: रिक्षा, रिक्षा.

ऋतुजाने गाडी जरा सरकवून बघितली, तरी तेच. आणि दारातून आवाज आला, "सायेब, पेंडा घाला! पेंडा घातल्याबिगर जमनार नाय!"

सगळ्यांनी वळून बघितलं. काळुराम उंबऱ्यात उभा होता, आणि आपण काय करून बसलो हे त्याला आत्ता कळत होतं. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

ऋतुजा पुढे झाली. "माझे बाबा, सर. या गाड्या त्यांनी केल्यात."

"अस्सं. मग तू सांग, पेंढा काढल्यावर का जमत नाही?"

"बैल आणि गाडी यांच्यामध्ये नुसतं धुर्‍याचं लाकूड असतं, सर. ते इतकं बारीक दिसतं, की प्रोग्रॅम त्याला कचरा समजून पुसून टाकतो. मग बैल वेगळे आणि गाडी वेगळी होते."

"उपाय?"

ती बापाकडे न बघता म्हणाली, "अजून सापडला नाही, सर."

साहेबांनी मान हलवली. "सापडला नाही असं आज सकाळपासून कोणीच म्हणालं नव्हतं. बरं वाटलं." त्यांनी कागदावर काही लिहिलं. मग एसटी उचलून डोळ्यांजवळ नेली आणि उंबऱ्याकडे बघितलं. "हा मिशीवाला कोण?"

"त्यो कुठल्यापन यष्टीत असतो, सायेब," काळुराम म्हणाला, आणि साहेब पहिल्यांदा मोकळे हसले.

संध्याकाळी कॉलेजच्या सरांनी ऋतुजाला बाहेर येऊन सांगितलं, काळजी करू नकोस, पास आहेस, आणि चांगली पास आहेस. काळुरामने तिथल्या तिथे शिपायाला मिठी मारली. शिपायाला कशाबद्दल ते कळलं नाही, पण त्यानेही मारली.

पनवेलहून रोह्याची गाडी मिळाली. दोघांना शेजारी जागा. फळी मांडीवर. गाडी सुटायच्या आधीच काळुराम म्हणाला, "त्या लाकडाचं काय करायचं गो?"

"मी पन तोच इचार करते."

"लाकूड जाडं केलं तर?"

"आपल्या टेबलावर चालल. खऱ्या रस्त्यावर कोन जाडं करनार?"

"व्हय, ते बी खरं. मंग बैल आन् गाडी बरूबर चालतात ते बघायचं. एक थांबला की दुसरं थांबतं. दोन रिक्षा अशा कदी चालतात? त्या तर एकमेकीला आडव्या घालतात."

ऋतुजा वळून त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हनजे एका चित्रावरून ठरवायचंच नाय! मागची पुढची चित्रं घ्यायची, आन् जे बरूबर हलतं ते एक धरायचं."

"मंग वरातीचं काय? वरातीत सगळंच बरूबर हलतं."

"थांब, थांब, बाबा, वरात नको आनूस मध्ये!"

तिने बोटाने फळीवर रेघा काढल्या, त्याने एसटी आणि ट्रक त्या रेघांवरून पुढे-मागे चालवले. तो विचारी, ती सांगे. ती अडे, हा भलतंच काही सुचवी, ती हसे आणि त्यातूनच काहीतरी उचले. कंडक्टर काहीतरी ओरडून गेला, माणसं उतरली, माणसं चढली. गडबपाशी काळुरामने खिडकीतून बोट दाखवलं, "ती बघ आपली गच्ची!" दोघांनी माना वळवून गच्ची दिसेनाशी होईपर्यंत बघितली आणि पुन्हा बैलांकडे आले. गडब पेणच्या पुढे आहे, हे त्या क्षणी दोघांपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं तेव्हा एकदम शांत झालं. गाडीत दोघंच होती. कंडक्टर दारात कमरेवर हात ठेवून उभा होता. "तिकीट पेणचं, आन् बसलाय रोह्यापर्यंत! दोनदा आरडलो पेण, पेण म्हनून!"

रोहा स्टँडसमोरच्या पीसीओतून काळुरामने आपल्या नाक्यावर फोन लावला. पीसीओवाल्याने विमलबाईला हाक मारून आणलं. ती धापा टाकतच आली होती.

"कुटं हाव? काय झालं परीक्षेचं?"

"पास झाली. झ्याक पास झाली."

"मंग आजून घरी का नाय? कुटनं बोलताव?"

"रोह्यावरनं."

"अगो बाय! रोह्याला कशाला गेलाव?"

"पेण गेलं ते कळलंच नाय. बोलत व्हतो."

"तुमचं ह्ये नेहमीचंच! कोन भेटला एवडं बोलाया?"

"ऋतुजा," काळुराम म्हणाला.

पलीकडे विमलबाई पीसीओतल्या स्टुलावर टेकली. मग म्हणाली, "आसं व्हय. मंग सावकास येवा."